सात आयती आणि आमचा मुलूख

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ‘फात्या’ हा शब्द ज्याच्या कानावर कधी पडला नाही, असा माणूस विरळाच. उरुसाच्या दिवशी पिराच्या दर्ग्यात उदाचा धूर दरवळतो, मलिद्याचे ताट मुजावरापुढे ठेवले जाते, मुजावर डोळे मिटून काही पुटपुटतो आणि ताटातला निम्मा मलिदा प्रसाद म्हणून परत येतो. या पुटपुटण्याला आमच्या खेड्यापाड्यांत फात्या म्हणतात. नवस फेडणाऱ्यांत हिंदूच अधिक असतात. इंदापुरात मालोजीराजांच्या गढीच्या परिसरात चाँदशाहवलींचा दर्गा आहे. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असे परंपरा सांगते. याच मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि पुत्र झाल्यावर त्यांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, हीदेखील परंपराच. महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या राजघराण्यातील दोन नावांवर एका फकिराची सावली आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे या मुलुखात फात्या परका का वाटत नाही, हे कळते.

परंतु शब्द ओळखीचा असला तरी अर्थ ओळखीचा नाही. जळोची हे आमचे गाव बारामतीला इतके खेटून आहे, की आता ते नगरपालिकेच्या हद्दीतच सामावले आहे. येथे मशिदीची बांग, देवळाची आरती आणि आमच्या घरांतील सायंकाळची जपमाळ ही सारी एकाच तासाच्या आतबाहेर होतात. अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहूनही शेजारी दिवसातून पाच वेळा देवापुढे उभे राहून नेमके काय म्हणतो, हे आमच्यातील किती जणांनी त्याला विचारले असेल? या लेखात आम्ही त्या सात आयतींचा अर्थ आमच्या परीने उलगडू पाहत आहोत. आणि त्याचबरोबर, या इवल्याशा प्रार्थनेने आमच्या मुलुखाच्या इतिहासात काय काय घडवले, तेही सांगू इच्छितो. त्यातील एक धागा थेट बारामतीपर्यंत येतो आणि तो सुखाचा नाही.

‘फातिहा’ म्हणजे उघडणारी, आरंभ करणारी. कुराणाच्या ११४ अध्यायांपैकी हा पहिला अध्याय. आयती अवघ्या सात. इस्लामी परंपरेत याला ग्रंथाची माता असेही म्हणतात. नमाजाच्या प्रत्येक रकातीत तो म्हणावाच लागतो. पहाटेच्या फर्ज नमाजात दोन रकाती, दुपारी चार, तिसऱ्या प्रहरी चार, सूर्यास्तानंतर तीन आणि रात्री चार, अशा एकूण १७. म्हणजे नमाज न चुकवणारा मुसलमान दिवसाकाठी निदान १७ वेळा हे शब्द उच्चारतो. आमची पाच रहस्यांची जपमाळ पूर्ण केली, तर प्रभूने शिकवलेली प्रार्थना सहा वेळा होते. पहिल्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ‘दिदाखे’ या ग्रंथात ख्रिस्ती माणसाने ती प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगितले आहे. संख्येची चढाओढ करावी असा आमचा हेतू नाही. दोन्हींकडे एकच जाण आहे: रोज नवे शब्द शोधण्याची कुवत माणसात नसते, म्हणून त्याला घडीव शब्द द्यावे लागतात.

त्या सात आयतींत आहे तरी काय? प्रथम परमेश्वराच्या नावाने आरंभ आहे. मग साऱ्या विश्वांचा जो पालनकर्ता त्याची स्तुती आहे; तो दयाघन आहे, दयाळू आहे, आणि न्यायाच्या दिवसाचा स्वामी आहे, असे म्हटले आहे. येथवर भक्त देवाविषयी बोलतो. त्यानंतर बोलणे एकदम वळते आणि भक्त देवाशीच बोलू लागतो: उपासना आम्ही फक्त तुझीच करतो आणि साह्यही तुझ्याजवळच मागतो. मग एकच मागणे येते. सरळ वाट दाखव. ज्यांच्यावर तू कृपा केलीस त्यांची वाट, ज्यांच्यावर कोप झाला त्यांची नव्हे आणि जे भरकटले त्यांचीही नव्हे. इतकेच. भाकर नाही, पाऊस नाही, पोरांचे आरोग्य नाही. दुष्काळी मुलुखातील माणसाला हे मागणे प्रथमदर्शनी कोरडे वाटेल. पण वाट चुकलेल्याला भाकरीआधी वाटाड्या लागतो, हे अरबस्तानच्या वाळवंटात कोणाला सांगण्याची गरज नव्हती.

एका प्रसिद्ध हदीसमध्ये असे सांगितले आहे की, ही प्रार्थना देवाने स्वतःत आणि आपल्या भक्तात निम्मी-निम्मी वाटून घेतली आहे. स्तुतीचा भाग देवाचा, मागण्याचा भाग भक्ताचा, आणि भक्त प्रत्येक ओळ उच्चारतो तेव्हा देव तिला उत्तर देतो. ही कल्पना आम्हांला अतिशय लोभस वाटते. प्रभू येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिचीही घडण अशीच आहे. आधी पित्याचे नाम, पित्याचे राज्य, पित्याची इच्छा. मग आमची भाकर, आमचे अपराध, आमची परीक्षा. मात्र या दोन प्रार्थना एकच आहेत असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. आमच्या प्रार्थनेचा पहिलाच शब्द देवाला बाप म्हणून हाक मारतो. फातिहात ती हाक नाही, आणि इस्लामच्या दृष्टीने ती असूही शकत नाही. आमच्या प्रार्थनेत दुसऱ्याला क्षमा करण्याची अट आहे. फातिहात तिचा उल्लेख नाही. फरक पुसून टाकल्याने मैत्री वाढत नाही.

काही शब्दांपाशी मात्र आम्हांला रेंगाळावेसे वाटते. ‘रहमान’ आणि ‘रहीम’ ही दोन नावे एकाच धातूची लेकरे आहेत आणि त्याच धातूपासून अरबीत गर्भाशयाला ‘रहम’ हा शब्द येतो. हिब्रू भाषेतही तसेच आहे. जुन्या करारात देवाच्या करुणेसाठी वापरलेला ‘रहमीम’ हा शब्द त्याच घरचा. आईला आपल्या पोटच्या गोळ्याविषयी जी कळ येते, ती या दयेच्या मुळाशी आहे. देवाला बाप म्हणण्याचे जिने टाळले, त्या प्रार्थनेने त्याच्या दयेला आईचे मूळ असलेला शब्द दिला, हे विलक्षण वाटते. मराठी माणसाला तर ही भाषा सवयीची आहे. विठ्ठलाला माउली म्हणणारा हा प्रदेश.

दुसरा शब्द ‘रब्ब’. त्याचे भाषांतर प्रभू असे करतात, पण नुसत्या सत्तेचा तो शब्द नाही. लहानाचे मोठे करणारा, टप्प्याटप्प्याने वाढवणारा, असा त्यात भाव आहे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्यातील ‘आम्ही’. माणूस अपरात्री एकटा उभा राहून नमाज पढत असला तरी तो ‘मला वाट दाखव’ असे म्हणत नाही, ‘आम्हांला’ म्हणतो. आमच्या प्रार्थनेतही एकटा माणूस ‘आमच्या’ असेच म्हणतो. हा लेखही आम्ही ‘आम्ही’ म्हणूनच लिहीत आहोत. नियतकालिकांच्या रूढीमुळे खरे, पण विषयाला ते शोभते.

आता कठीण भाग. शेवटच्या आयतीत ज्यांचा कोप झालेले आणि भरकटलेले असा उल्लेख आहे ते कोण? आयतीत कोणाचेही नाव नाही. परंतु जुन्या भाष्यकारांनी नावे घातली. इ. स. ९२३ मध्ये निवर्तलेल्या तबरीसारख्या थोर भाष्यकाराने परंपरेच्या आधारे सांगितले की, कोप झालेले म्हणजे यहुदी आणि भरकटलेले म्हणजे ख्रिस्ती. या परंपरेतील एक हदीस अदी बिन हातिम याच्या नावे सांगितली जाते. हा अदी म्हणजे ज्याच्या औदार्याच्या गोष्टी मराठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या त्या हातिमताईचा मुलगा, आणि मूळचा तो ख्रिस्तीच होता. तेव्हा सरळ प्रश्न असा पडतो की, आमचा शेजारी दिवसातून १७ वेळा जी वाट नको म्हणतो, ती आमचीच वाट काय?

हा प्रश्न टाळून फातिहाविषयी गोड बोलणे आम्हांला जमणार नाही. पण त्याचे उत्तर देण्याआधी आपल्या घरात पाहणे बरे. ख्रिस्तसभेच्या उत्तम शुक्रवारच्या उपासनेत शतकानुशतके यहुद्यांसाठी जी प्रार्थना होती, तिच्यात त्यांना अविश्वासू ठरवणारा एक लॅटिन शब्द होता. जगभरच्या देवळांत, आमच्या पुणे धर्मप्रांतातही, तो वाचला जात असे. लॅटिन कळत नसल्यामुळे कोणाला खटकत नसे, इतकेच. पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ साली तो शब्द काढून टाकला आणि १९७० च्या मिस्साग्रंथात ती प्रार्थनाच नव्याने लिहिली गेली. प्रार्थनेच्या शब्दांत दुसऱ्यावरील राग कसा वस्तीला येतो आणि तो घालवायला किती शतके लागतात, हे कॅथोलिकांना कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. फातिहाच्या बाबतीत तर राग आयतीत नसून भाष्यात आहे. अनेक मुस्लिम अभ्यासकांनी ती नावे बाजूला ठेवून ‘जाणूनबुजून सत्य नाकारणारे’ आणि ‘अजाणतेपणी चुकणारे’ असा अर्थ केला आहे. त्या अर्थाने पाहिले तर दोन्ही वाटा प्रत्येक माणसाच्या स्वतःच्या अंगणातूनच निघतात.

या नव्या अर्थाचा एक मोठा प्रवक्ता आमच्या शेजारच्या जिल्ह्यात तुरुंगात होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला. अरबी ही त्यांची आईची भाषा. त्यांच्या ‘तर्जुमान-उल-कुराण’ या उर्दू भाष्याचा पहिला खंड १९३१ साली निघाला आणि त्यातील फातिहावरचे विवेचन हेच एक स्वतंत्र पुस्तक होईल एवढे विस्तृत आहे. धर्माचा गाभा सर्व प्रेषितांनी एकच सांगितला, विधी व नियम मात्र काळानुसार आणि लोकांनुसार निरनिराळे झाले. म्हणून सरळ वाट ही कोणा एका टोळीची मिरासदारी नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष. कर्मठांना तो रुचला नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असताना आझादांना अटक झाली आणि पंडित नेहरूंसह त्यांना अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवण्यात आले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली. पतीला तिची शेवटची भेट झाली नाही. सरकारपुढे सुटकेसाठी हात पसरायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. भीमा ओलांडली की नगर जिल्हा लागतो. त्या किल्ल्याच्या भिंतीआड, ज्याने फातिहातील दयेवर पानेच्या पाने लिहिली होती तो माणूस, तिचेच शब्द दिवसातून पाच वेळा म्हणत असणार.

आमच्या पूर्वसुरींनी मुसलमानांचा धर्मग्रंथ वाचला नव्हता असे नाही. ११४३ साली क्लूनी मठाचे प्रमुख पीटर यांच्या सांगण्यावरून केटनच्या रॉबर्टने कुराणाचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले. पण ते खंडनासाठी केले. १५७९ च्या अखेरीस गोव्याहून तीन येशूसंघीय धर्मगुरू अकबराच्या निमंत्रणावरून निघाले: रुदोल्फ आक्वाविवा, आंतोनी मोन्सेरात आणि मूळचे मुसलमान असलेले फ्रान्सिस हेन्रिकेस. फेब्रुवारी १५८० मध्ये आक्वाविवा फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी आणलेला बायबलचा बहुभाषी ग्रंथ बादशहाने आदराने मस्तकी धरला. वादविवाद पुष्कळ झाले. त्या धर्मगुरूंचे धैर्य आणि विद्वत्ता यांविषयी आम्हांला आदर आहे. आक्वाविवा पुढे २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीला मारले गेले. पण त्या वादांचा वृत्तान्त वाचताना राहून राहून वाटते की, दोन्ही पक्षांनी परस्परांचे सिद्धान्त ऐकले, परस्परांची प्रार्थना ऐकली नाही. सिद्धान्त खोडता येतो. प्रार्थना करणाऱ्याला मध्येच अडवून उलट प्रश्न विचारायचा तरी कसा?

मराठी भूमीवर त्याच सुमारास वेगळे काही घडत होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे जन्माने मुसलमान. त्यांचे गुरू चाँद बोधले. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा ग्रंथ शके १५६७ चा, म्हणजे इ. स. १६४५ चा. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. अवघ्या तीस वर्षांच्या अंतराने एक कॅथोलिक धर्मगुरू आणि एक मुसलमान साधू मराठी ओवीला हात घालतात आणि दोघेही आपल्या देवाचे वर्णन करताना ज्ञानेश्वर-एकनाथांच्या शब्दसंपत्तीतून उसनवारी करतात. आमच्या साहित्याच्या इतिहासकारांनी या दोघांना शेजारी बसवून वाचायला हवे होते. श्रीगोंद्यात शेख महंमदांची समाधी आजही दोन्ही समाजांची आहे.

आता गांधीजींकडे येऊ; कारण फातिहा दर्ग्याबाहेर, सर्वसामान्य हिंदूंच्या कानांपर्यंत पोहोचवली ती त्यांनी. १९२२ ते १९२४ या काळात येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी जे विपुल वाचन केले त्यात कुराणही होते. पुढे अब्बास तय्यबजींची कन्या रेहाना यांनी त्यांना आयतींचे शुद्ध पठण शिकवले आणि आश्रमाच्या प्रार्थनेत ईशावास्याचा मंत्र, बौद्ध मंत्र, पारशी गाथा यांच्यासह फातिहाही आली. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान महालात, स्थानबद्धतेतच, कस्तुरबा वारल्या. दुसऱ्या दिवशी त्याच आवारात त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले तेव्हा गीता, कुराण, बायबल आणि पारशी धर्मग्रंथ यांतील प्रार्थना म्हटल्या गेल्या. मार्च १९४६ मध्ये गांधीजी सुमारे आठवडाभर उरुळी कांचनला राहिले आणि तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव, बारामतीपासून फार लांब नव्हे. शेतावरून परतणारे लोक सायंप्रार्थनेला येत. त्या प्रार्थनेची रीत आश्रमाचीच.

१९४७ चे वर्ष उजाडले तेव्हा देश पेटला होता. एप्रिलच्या आरंभी दिल्लीतील भंगी वस्तीत, वाल्मीकी मंदिराच्या आवारात गांधीजींची सायंप्रार्थना होत असे. अरबी आयती सुरू होताच कोणीतरी उठून हरकत घेतली. गांधीजींचा नियम विलक्षण होता. हरकत घेणारा एकटा असला तरी त्याला लोकांकडून दडपून प्रार्थना पुढे रेटायची नाही; पण कुराणाचा भाग गाळून उरलेली प्रार्थनाही करायची नाही. काही दिवस प्रार्थना झालीच नाही. विरोध मागे घेतल्यावर ती पूर्ण झाली. पुढे त्या वर्षी असे प्रसंग पुन्हापुन्हा घडले. ज्यांची घरे पंजाबात जळाली होती, ज्यांची माणसे डोळ्यांदेखत मारली गेली होती, त्यांना त्या भाषेचे सूरही सोसवत नव्हते. ती वेदना खोटी नव्हती. तरीही गांधीजींना वाटे की, देवाला दयाघन म्हणणे हे संस्कृतात पुण्य आणि अरबीत पाप ठरले, तर प्रार्थनेला अर्थच उरला नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी ते प्रार्थनेलाच निघाले होते तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा नथुराम गोडसे. त्याचा जन्म १९ मे १९१० रोजी बारामतीचा. वडील टपाल खात्यात होते. पुढे कुटुंब बदलीच्या गावी गेले. नोव्हेंबर १९४८ मध्ये लाल किल्ल्यातील न्यायालयात त्याने जे लांबलचक निवेदन वाचले, त्यात गांधीजींवरील आरोपांच्या यादीत एक आरोप असाही होता की, भंगी वस्तीतील देवळात हिंदूंचा विरोध असताना त्यांनी कुराणातील भाग वाचण्याचा आग्रह धरला. फाळणी, पंचावन्न कोटी, उपोषण अशा राजकीय आरोपांच्या रांगेत एक प्रार्थना! ते निवेदन कोणी कितीही वेळा छापो, आम्हांला त्यातील हा एक आरोप सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. राजकारणावर मतभेद असू शकतात. पण सरळ वाट दाखव असे देवाला सांगणारे शब्द हा अपराध ठरतो, तेव्हा माणूस कोणत्या टोकाला पोहोचलेला असतो?

बारामतीला या जन्मस्थानाचा अभिमान वाटावा किंवा लाज वाटावी, यांपैकी कशातच अर्थ नाही. माणूस कोठे जन्मतो हे गावाच्या हाती नसते. ही बारामती मोरोपंतांचीही आहे. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेले पंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे आले आणि १७९४ साली निवर्तेपर्यंत येथेच राहिले. त्यांची ‘केकावली’ म्हणजे मोराने मेघासाठी फोडावा तसा देवाच्या दयेसाठी फोडलेला टाहो. अरबी जाणणाऱ्या कोणी तिचा भावार्थ ऐकला तर त्याला ‘रहमान’ हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. हे आमचे मत. पंतांच्या अभ्यासकांनी ते मानावे असा आग्रह नाही.

गांधीजींनंतर हे काम विनोबांनी हाती घेतले, आणि आमच्या मते ते अधिक खोल केले. गांधीजींनी आयती प्रार्थनेत आणल्या; विनोबांनी त्या ग्रंथाशी सोयरीक केली. त्यांनी कुराण आधी भाषांतरांतून वाचले, मग अरबी शिकून मुळातून वाचले, आणि उच्चार बिनचूक व्हावेत म्हणून अपार कष्ट घेतले. गागोद्यात जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण अरबी आयती म्हणू लागला की मौलवीही लक्ष देऊन ऐकत. मौलाना आझादांनीही वर्ध्याला त्यांचे पठण ऐकून समाधान व्यक्त केले होते. याच विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या गुरुजींनीही पुढे ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले. धुळ्याच्या तुरुंगातील तो वर्ग मराठी धर्मविचाराच्या इतिहासात केवढा मोलाचा होता!

विनोबांनी काढलेले कुराणाचे सार १९६२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. ते बाहेर येण्याआधीच पाकिस्तानातील वृत्तपत्रात टीका झाली की, मुसलमान नसलेल्या माणसाला कुराणातून वेचे निवडण्याचा अधिकार कोणी दिला? विनोबा तेव्हा भूदानासाठी पायी चालत होते आणि सप्टेंबर १९६२ मध्ये त्यांनी त्याच देशाच्या पूर्व भागातून पदयात्रा केली. एकीकडे आयती म्हणतो म्हणून हिंदू रागावतात, दुसरीकडे आयती निवडतो म्हणून मुसलमान. विनोबांनी ख्रिस्ती धर्माचेही सार काढले आहे. आमच्या धर्मग्रामांच्या ग्रंथालयांत ते पुस्तक असायला हवे.

मग आम्ही कॅथोलिकांनी काय करावे? ख्रिस्तसभेची भूमिका गांधीजींच्या भूमिकेहून वेगळी आहे आणि ती समजून घ्यावी लागते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तेतर धर्मांविषयी जे निवेदन संमत केले, त्यात मुसलमानांकडे सभा आदराने पाहते असे स्पष्ट म्हटले आहे: ते एकाच, जिवंत, दयाळू, सर्वसमर्थ देवाची आराधना करतात, येशूला देव मानत नसले तरी प्रेषित म्हणून त्याचा मान राखतात, त्याच्या कुमारी मातेला सन्मान देतात, प्रार्थना, दानधर्म आणि उपवास यांना मोल देतात. मागील भांडणे विसरून परस्परांना समजून घेण्याचा प्रयत्न करावा, असे परिषद सांगते. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसीला जगातील धर्मप्रमुखांना बोलावले तेव्हा एक बारीक भेद जपला गेला. सर्वांनी एकत्र येऊन आपापली प्रार्थना करायची. सर्वांची मिसळून एक प्रार्थना करायची नाही. गांधीजींनी सर्वांच्या प्रार्थना एका ताटात वाढल्या. असिसीत प्रत्येकाचे ताट निराळे, पंगत एक.

काहींना असिसीची रीत संकोची वाटते. आम्हांला ती प्रामाणिक वाटते. फातिहा ही मुसलमानाच्या नमाजाचे अंग आहे. ती आम्ही आमच्या मिस्सेत म्हणावी याची त्यालाही गरज नाही आणि आम्हांलाही नाही. परंतु ती चालू असताना कॅथोलिक माणसाने कसे उभे राहावे, हा प्रश्न उरतोच. आणि तो पुस्तकी नाही. शेजारच्या घरी मयत होते, दफनानंतर लोक दोन्ही तळहात वर करून फातिहा पढतात, आणि आमची मुले कोपऱ्यात हात मागे बांधून, काहीतरी परके चालले आहे अशा मुद्रेने उभी असतात. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते की, या शब्दांत दयाघन देवाची स्तुती आहे आणि वाट दाखवण्याची विनंती आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आमची मुले दहा आज्ञा, सात संस्कार पाठ करतात. त्याच वर्गात एखाद्या रविवारी अर्धा तास शेजाऱ्याच्या प्रार्थनेचा अर्थ सांगण्यास आमच्या धर्मगुरूंनी हरकत घेऊ नये. ज्यांनी लॅटिन मिस्सा अनुभवली, त्या आमच्या वडीलधाऱ्यांना तर न कळणाऱ्या भाषेतील प्रार्थनेचे कोडे पडू नये. ‘पातेर नोस्तेर’ म्हणताना शब्दांचा अर्थ किती जणांना येत होता? तरी ती प्रार्थना होती, आणि ती करणाऱ्यांना ते पक्के ठाऊक होते.

एक शब्द मात्र आम्ही आणि ते खरोखरच एकत्र उच्चारतो. फातिहा संपली की नमाजी ‘आमीन’ म्हणतात. हा शब्द त्या सात आयतींचा भाग नाही. कुराणाच्या प्रतीत तो छापलेला नसतो. तो यहुद्यांच्या प्रार्थनेतून आमच्याकडे ‘आमेन’ होऊन आला, आणि त्यांच्याकडे ‘आमीन’. तो कसा म्हणावा याबाबत मुसलमानांत दोन रीती आहेत. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे, त्यामुळे मोठ्याने पठण होणाऱ्या नमाजात तेथे सारी मशीद एका आवाजात ‘आमीन’ म्हणते. कोकण किनाऱ्यावरील आमच्या वाचकांनी तो रस्त्यावरूनही ऐकला असेल. आमच्या देशावर हनफी रीत अधिक. बारामती-इंदापूरकडे तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हटला जातो, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही तो नीटसा ऐकू येत नाही.